मागे न वळणारे अनुपमराव

अनुपमराव खिरवडकर नदीवर बसलेले असताना त्यांना हाक मारून मागे वळवणं जबलपुरात चाळीस वर्षांत कुणालाही जमलं नव्हतं. घरी, बाजारात, फॅक्टरीत माणूस एका हाकेत हजर. पण लम्हेटाघाटाच्या खडकावर एकदा बैठक जमली आणि गळ पाण्यात पडला, की मग पाठीमागे कुणीही ओरडो, हे वळायचे नाहीत.

त्याला कारण होतं. नर्मदा ही जबलपूरकरांची मैया. तिच्यात दिवे सोडायचे, तिला चुनरी चढवायची, तिच्या माशांना कणकेच्या गोळ्या घालायच्या. तिथे एक चांगला शिकलासवरलेला मराठी माणूस हातात बंसी घेऊन बसतो म्हणजे काय? बंसी म्हणजे मासे धरायची काठी, जबलपुरात तिला हेच नाव आहे. घाटावरून जाणारा प्रत्येक परिक्रमावासी, आंघोळीला आलेली प्रत्येक आजी थांबून ओरडायचीच. "अरे भैया, मैया के आँचल में काँटा डालते हो? पाप लगेगा, पाप!"

सुरुवातीची दोनेक वर्षं अनुपमराव वळायचे, हात जोडून समजवायचे. आम्ही मासे खात नाही, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, मी मासा धरतो, बघतो आणि सोडून देतो. त्यावर एका बाबाजींनी विचारलं होतं, "छोड़ना ही है तो पकड़ते काहे को हो?" त्या दिवसापासून त्यांनी समजावणं सोडलं. मग त्यांनी एक युक्ती काढली. मागून आवाज आला की काठी गुडघ्याखाली दाबायची, मान न वळवता दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोडायचे आणि तसेच धरून ठेवायचे. ओरडणारा थकायचा, 'नर्मदे हर' म्हणून चालू लागायचा. युक्ती इतकी पक्की बसली की पुढे पुढे शब्द त्यांच्या कानांपर्यंत पोचेनासे झाले.

खिरवडकर मूळचे कुठले, हे आता खिरवडकरांनाही नीट सांगता येत नाही. कुणी तरी पूर्वज मराठ्यांच्या नोकरीत कारकुनी करायला इकडे आला आणि इथलाच झाला. अनुपमरावांनी तोफगाडीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं लेथवर काढली. तिथल्या रामकृष्ण नावाच्या एका फिटरनं त्यांना हा नाद लावला. हाताला मापाची सवय होतीच, त्यामुळे गळ फेकण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. दोन खडकांच्या मधल्या घागरीएवढ्या जागेत गळाचं शिसं टाकायचं म्हटलं, की ते तिथेच पडणार. मात्र या कसबाचा कुणाला काही उपयोग झाल्याचं ऐकिवात नव्हतं.

बायको विनताबाई. माहेर सागर गावचं, जबलपूरच्या राइट टाउनातल्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. दर पौर्णिमेला ग्वारीघाटावर दीपदान, तिथ्या तोंडपाठ. नवऱ्याच्या छंदाबद्दल त्यांचं मत घाटावरच्या आज्यांसारखंच होतं. फरक एवढाच, की आज्या ओरडून निघून जायच्या आणि या घरातच राहायच्या. बंसी स्कूटरच्या शेडमध्ये, घरात नाही. नदीवरून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही. आणि लग्नाला चौतीस वर्षं झाली तरी एकदाही त्या त्यांच्याबरोबर खडकावर गेल्या नव्हत्या.

गेल्या वर्षी विनताबाईंचे दोन्ही गुडघे बदलले. पाच महिने अनुपमरावांनी घर सांभाळलं. वरणाला फोडणी कशी द्यायची ते पासष्टाव्या वर्षी शिकले, त्यांना धरून धरून चालवलं, आणि त्या पाच महिन्यांत एकदाही नदीवर गेले नाहीत. विनताबाईंच्या ते लक्षात होतं.

या दिवाळीला दोघं रत्नागिरीला लेकीकडे गेली. ऋचा तिथे बँकेत आहे. पाडव्याच्या पहाटे आंघोळी झाल्या, विनताबाईंनी नवऱ्याला ओवाळलं. आता नवऱ्यानं काही तरी द्यायचं. अनुपमराव पाटावर तसेच बसून राहिले.

"या वर्षी ओवाळणी मी मागून राहिलो," ते म्हणाले.

"काहून? उलटी रीत काढली का नवीन?"

"एकदा माझ्यासोबत खडकावर चल."

विनताबाईंनी तबक खाली ठेवलं. "समुद्राच्या?"

"समुद्राच्याच."

त्यांनी जरा विचार केला. "समुद्र काही मैया नाही. आपला कोण लागतो तो? चला."

ऋचानं पंधरा किलोमीटरवरच्या एका वाडीच्या किनाऱ्यावर गाडीनं सोडलं आणि "दहाला घ्यायला येते" म्हणून ती परत गेली. पावणेसात वाजले होते. ओहोटी लागून समुद्र पार आत गेला होता आणि म्हशीच्या पाठीसारखा एक लांबट काळा खडक उघडा पडला होता. खडक आणि किनारा यांच्यामध्ये ओली वाळू, कुठे कुठे घोटा भिजेल इतकंच पाणी. अनुपमरावांनी नदीच्या हिशेबानं जागा पारखली. समोर खोल पाणी, बैठक उंच, पाठीमागे कोरडी वाट. याहून चांगली जागा लम्हेट्यालाही नाही. विनताबाईंना हाताला धरून त्यांनी खडकावर चढवलं, घडी घातलेल्या शालीवर बसवलं.

नदीवरचा माणूस बसायच्या आधी पाण्याच्या कडेला एक दगड ठेवतो. दगड बुडाला की पाणी वाढतंय. जबलपूरच्या वर नर्मदेवर बर्गीचं धरण आहे. दरवाजे उघडायचे असले की आधी भोंगा वाजतो, तरी दगड ठेवायचा. अनुपमरावांनी समोर एक दगड ठेवला. लाट आली, घेऊन गेली. दुसरा ठेवला, तोही गेला. हा समुद्र भारीच द्वाड आहे असं म्हणून त्यांनी तो नाद सोडला. जबलपूरहून डब्यातून आणलेला सातूच्या पिठाचा आणि गुळाचा गोळा त्यांनी गळाला लावला. तो पाच मिनिटांत विरघळला. मग त्यांनी बाजारातून आणलेल्या कोळंबीची पिशवी उघडली आणि विनताबाई नाकाला पदर लावून दोन हात पलीकडे सरकल्या.

पण तिथून त्या उठल्या नाहीत. ऊन कोवळं होतं, वारा होता, खडकाखाली पाणी गदगद आवाज करत होतं. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही हेच करून राहिलात?"

"हेच."

"नुसतं बसून राहायचं?"

"नुसतं."

"मला वाटलं होतं, काही तरी असेल." असं म्हणून त्या हसायला लागल्या. अनुपमरावांनाही हसू आवरेना. त्या सकाळी ते फार सुखात होते. बायको शेजारी, हातात काठी, पुढ्यात न संपणारं पाणी. माणसाला आणखी काय लागतं, असं त्यांच्या मनात आलं, आणि तेवढ्यात मागून हाक आली.

लांबून, बाईची, वयस्कर आणि रागावलेली. लाटांमुळे शब्द कळत नव्हते, पण सूर ओळखीचा होता. चाळीस वर्षांचा ओळखीचा. अनुपमरावांनी काठी गुडघ्याखाली दाबली आणि मान न वळवता हात डोक्यावर नेऊन जोडले.

पुन्हा हाक आली, मग तिसरी. आवाज आता दुसरीकडून येत होता, जवळून.

"अहो, कुणी तरी ओरडून राहिलंय," विनताबाई म्हणाल्या.

"ओरडू दे. समुद्रालाही असतील कुणी भक्त."

"काय म्हणताहेत ते ऐका तरी."

"चाळीस वर्षं ऐकलंय ते." आणि त्यांनी पुन्हा हात जोडले, कारण नेमकी तेव्हाच तंगुसाला, म्हणजे गळाच्या दोरीला, पहिली ओढ बसली होती.

हाका चालूच राहिल्या. पाच, सात, दहा. विनताबाईंना नव्या गुडघ्यांनिशी बसल्या जागी वळणं सोपं नव्हतं. एक हात खडकावर टेकून, दुसऱ्यानं नवऱ्याचा खांदा धरून, त्या कशाबशा अर्ध्या वळल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "वाळू कुठे गेली?"

तेव्हा अनुपमराव वळले.

ज्या वाटेवरून ते चालत आले होते तिथे पाणी होतं. घोटाभर नव्हे, छातीभर. वीस-पंचवीस पावलांचा हिरवा पट्टा, आणि त्यात दोन्ही बाजूंनी लाटा शिरून मधे एकमेकींवर आपटत होत्या. नदीचं पाणी वाढतं ते समोरून वाढतं, डोळ्यांदेखत. समुद्र मागून येऊन बसतो, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पलीकडच्या काठावर एक बाई उभी होती. सत्तरीची, काटक, नऊवारीचा काष्टा गुडघ्यांपर्यंत ओढलेला. ती दोन्ही हात हलवत होती.

अनुपमराव स्वतः पोहून गेले असते, मैयाच्या पुरात पोहलेला माणूस. पण विनताबाईंना पोहता येत नव्हतं, आणि त्या गुडघ्यांवर लाटेत उभं राहणं शक्यच नव्हतं. आपण तिला इथे आणलं. ओवाळणी म्हणून मागून आणलं. चौतीस वर्षं ती आली नाही तेच बरं होतं. हे सगळं एका श्वासात त्यांच्या मनातून गेलं.

"रस्सी!" ते ओरडले. घाबरले की ते हिंदीतच ओरडतात. "रस्सी है क्या?" आणि हातांनी ओढण्याची खूण केली.

बाईला खूण कळली. वर काढून ठेवलेल्या एका होडीतून तिनं दोराचं वेटोळं आणलं, एक टोक उंडीच्या झाडाला बांधलं आणि दुसरं जीव खाऊन फेकलं. दोर निम्म्यावर पडला. दुसऱ्यांदाही निम्म्यावरच. दोर भिजून जड होत चालला आणि तिचे हात थकलेले दिसायला लागले.

अनुपमरावांनी गळाला लागलेल्या माशासकट तंगूस दातांनी तोडला. पिशवीतलं सगळ्यांत जड शिसं बांधलं आणि बाईला बाजूला व्हायची खूण केली. पहिली फेक वाऱ्यानं खाल्ली. लेथवर ते कामगारांना सांगत तेच त्यांनी स्वतःला सांगितलं, "बघ कुठं टाकायचंय आणि मग हाताला विसर." दुसऱ्या फेकीला शिसं बाईच्या डोक्यावरून जाऊन मागच्या केवड्यात पडलं.

तिनं तंगुसाला दोर बांधला. त्यांनी तो हळूहळू ओढून घेतला, खडकाच्या सुळक्याला तीन वेढे देऊन ताणून बांधला. आता दोराला धरून विनताबाईंना पाण्यात कसं उतरवायचं याचा विचार ते करतायत, तोवर ती बाईच दोर धरून पाण्यात उतरली. छातीभर पाण्यातून, दोन लाटा डोक्यावर घेत ती खडकाशी आली. त्यांच्याकडे तिनं पाहिलंही नाही. ती विनताबाईंशी बोलली.

"घाबरू नुको. दोर धर. तुजा पाय माज्या पायावर ठेव. खालचं दगुड मला ठावं हायत."

तशा त्या निघाल्या. बाई पुढे, उलटी चालत. विनताबाई तिच्या पावलांवर पावलं ठेवत. अनुपमराव मागून बायकोच्या पाठीला हात लावून. मध्यावर दोन्हीकडच्या लाटा एकदम आल्या आणि क्षणभर तिघांचीही डोकी पाण्याखाली गेली. पाणी उतरलं तेव्हा विनताबाईंनी डोळे मिटलेले होते, दोर सोडलेला नव्हता आणि त्या अरबी समुद्राच्या मध्यात 'नर्मदे हर, नर्मदे हर' म्हणत होत्या.

वाळूला पाय लागले तेव्हा अनुपमराव तिथेच बसले आणि रडले. त्याची त्यांना लाज वाटली नाही.

बाईचं नाव गुणाबाय. ओहोटीला खडकांवर जाऊन शिंपल्यांतली कालवं काढायची, भरतीच्या आत घरी यायचं, हे तिचं जन्मभराचं काम. पाणी चढायला लागल्यावर ती घराकडे निघालीही होती. ही दोघं दिसली म्हणून मागे फिरली. हातातली टोपली आणि कालवं फोडायची कोयती खडकावर ठेवून ती हाका मारायला धावली, आणि टोपली-कोयती समुद्रानं नेली. अनुपमरावांची बंसीही पलीकडच्या खडकावर राहिली. ती त्यांना दुसऱ्या दिवशी आठवली.

गुणाबायनं दोघांना घरी नेलं. विनताबाईंना कोरडं लुगडं दिलं, चुलीजवळ बसवलं. मग ती अनुपमरावांच्या अगदी जवळ आली आणि त्यांच्या कानात केवढ्यानं तरी ओरडली, "च्या घेताव काय? च्या?" ते दचकले. तिनं विनताबाईंना विचारलं, "तुजा मालक बहिरा हाय व्हय गो? मी येवडी वराडले, तर हात जोडून दाखवतोय! मला कळलाच. बिचारा भला मानूस, पन कानानं अधू. मग म्हटला, बहिऱ्याला सोडून कसा जायाचा?"

विनताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याचं तोंड उतरलेलं होतं. विनताबाई जन्मात खोटं बोलल्या नव्हत्या. शाळेत मुलांना खोट्यासाठी कोपऱ्यात उभं करायच्या.

"हो," त्या म्हणाल्या. "फारच कमी ऐकू येतं."

आणि जिथे मासे शिजतात त्या घरात पाण्याचा घोटही न घेणाऱ्या विनताबाई गुणाबायच्या चुलीपुढे बसून दिवाळीचे पोहे दोनदा मागून घेऊन जेवल्या. इतके चवदार पोहे आपण कधी खाल्ले नाहीत, असं त्या अजून सांगतात.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. अनुपमरावांना बहीण नाही. ऋचाला घेऊन ते गुणाबायकडे गेले, एक लुगडं आणि रत्नागिरीच्या बाजारात शोधून आणलेली नवी कोयती घेऊन. बातमी वाडीभर झाली होती. बहिरा पाव्हणा आला म्हणून सगळे जमले, आणि जो तो येऊन त्यांच्या कानात ओरडायला लागला. "लाडू घ्या! लाडू!" "बसा! पाटावर!" ऋचा थक्क होऊन बापाकडे बघत होती. अनुपमरावांनी दोन लाडू आणि दहाबारा आरोळ्या मुकाट्यानं सोसल्या. गुणाबायनं निरांजन लावलं आणि ती पुढे आली, तेव्हा मात्र त्यांच्यानं राहवेना.

"थांबा ताई," ते म्हणाले. "ओवाळू नका. मी बहिरा नाही. मला तुमच्या हाका पहिल्यापासून ऐकू येत होत्या."

गुणाबायच्या हातातलं तबक खाली आलं.

"मग वळला नाय का?"

"वाटलं, तुम्ही शिव्या देऊन राहिल्या."

"शिव्या व्हत्याच. पन पान्याच्या व्हत्या."

अनुपमरावांनी मग सगळं सांगितलं. मैया, घाटावरची माणसं, डोक्यावर जोडलेले हात. गुणाबायनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"चाळीस वर्सं लोक हाका मारतायत," ती म्हणाली, "नि तुमी कवा वळला नाय. त्यातला येक जरी पानी सांगत असता, तर?"

असा विचार त्यांनी कधी केला नव्हता. त्यांनी मान खाली घातली. आता ही आपल्याला उठ म्हणणार, आणि म्हणाली तर ते योग्यच होईल, असं त्यांना वाटलं. बऱ्याच वेळानं कपाळाला बोट टेकलं. गुणाबायनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि ओवाळलं.

"कालवं गेली ती गेली," ती ओवाळता ओवाळता म्हणाली. "भाव गावला."

परत निघायच्या आधी तिनं विनताबाईंना भरतीचा हिशेब शिकवला. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, पाडव्याला पाऊण. त्याच्या आधी सहा तास ओहोटी. गणिताच्या बाईंना आणि तिथ्या पाठ असलेल्या भक्तिणीला हे सांगायचा अवकाश, त्यांनी तिथल्या तिथे पूर्ण महिन्याचं कोष्टक तोंडी करून दाखवलं. गुणाबाय म्हणाली, ही समुद्राकाठी जन्मायची चुकून तिकडं गेली.

तेव्हापासून राइट टाउनातल्या खिरवडकरांच्या घरात, जिथून समुद्र हजार किलोमीटर लांब आहे, रोज सकाळी भरती-ओहोटी बघितली जाते. गुणाबाय एकटी आहे. मुलगे मुंबईला, ट्रॉलरवर. ती या वयातही खडकांवर जाते, सांगून ऐकत नाही. म्हणून पाणी चढायला लागायच्या सुमाराला विनताबाई फोन लावतात. "ताई, आल्या का घरी?" "आले गो आले." एवढंच बोलणं. तेवढं झालं की अनुपमराव स्कूटर काढतात.

हो, लम्हेट्याला ते अजून जातात. मागून कुणी ओरडलं की आता वळतात. वळायला लागल्यावर त्यांच्या असं लक्षात आलं, की हाका मारणारे सगळेच पापाचं सांगत नसतात. कुणाला पुढच्या घाटाची वाट हवी असते. कुणी नुसतंच 'नर्मदे हर' म्हणतं. एका परिक्रमावासीनं तर चहा उकळलाय, घेता का, म्हणून बोलावलं. चाळीस वर्षांत असे किती चहा बुडाले असतील कोण जाणे, असं विनताबाई म्हणतात. त्यांचं बंसीबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही, आणि बंसी अजूनही शेडमध्येच राहते.

यंदा धुळवडीला सकाळी नऊ वाजता विनताबाईंनी फोन लावला. होळीनंतरचा पाडवा, म्हणजे मोठ्या भरतीचा दिवस, पाणी लवकर चढणार. फोन वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. सव्वानऊला, साडेनऊला. ऋचाला फोन केला, तर ती म्हणाली, बघते कुणी वाडीत भेटतंय का.

बाहेर रस्त्यावर रंग चालला होता. शेजारचा आलोक दोनदा बोलवायला येऊन गेला. विनताबाई फोन घेऊन देवापुढे बसल्या. अनुपमरावांनी आपला फोन घेतला आणि तेही लावत राहिले. दहा, अकरा, बारा वेळा. पलीकडे नुसती घंटी वाजत होती. त्यांच्या डोळ्यांपुढे तो पट्टा होता, हिरवा, दोन्हीकडून भरत येणारा, आणि त्यात पाठमोरं कुणी तरी. आपण इथून जीव तोडून हाक मारतोय आणि ते माणूस वळत नाहीये. त्यांना बसवेना. त्या पाडव्याला ती बाई वाळूवरून इकडून तिकडे धावत ओरडत होती, तेव्हा तिच्या जिवाचं काय होत असेल, हे त्यांना आता कळलं. आणि तेव्हा आपण हात जोडून, मजेत, मासा ओढत बसलो होतो. तरीही ती थांबली. या घरात विनता आहे, तिची पूजा आहे, तिचं रागावणं आहे, ते केवळ ती थांबली म्हणून.

साडेदहाला फोन उचलला गेला. मागे ढोल-ताशे दणाणत होते.

"शिमग्याची पालखी आलीय गो दारात!" गुणाबाय ओरडून सांगत होती. "आज खडपात कालवांना कोन जातंय? ढोलात काय आयकू येतंय काय? बोल, बोल!"

विनताबाईंनी फोन नवऱ्याच्या हातात दिला. अनुपमराव रागवायचं ठरवून होते. दीड तासाआधी कळवायला काय झालं होतं, फोन कमरेला का बांधत नाही, बरंच काही मनाशी जुळवलेलं होतं.

"हॅलो? कोन हाय? हॅलो?" पलीकडून आवाज येत होता. "बोला की!"

"मी आहे ताई, अनुपम," ते म्हणाले. "काही नाही. तुम्ही घरी आहात ना, एवढंच विचारायचं होतं."